पाद्र्यांची भिंत

काच तुटली होती.

सकाळी लेण्यात शिरल्याबरोबर मी आधी वर बघायचे. छताच्या खडकात एक तडा होता आणि त्या तड्यावर आम्ही काचेची पातळ पट्टी आडवी, दोन्ही टोकांना चिकटवून ठेवली होती. आमच्या कामातली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरं बोलणारी वस्तू. तडा जुना, मेलेला असेल तर काच वर्षानुवर्षं तशीच राहते. खडक केसभर जरी हलला तरी ती तुटते. आदल्या संध्याकाळी मी ती अखंड बघितली होती. आता तिचे दोन तुकडे झाले होते आणि बॅटरी मारल्यावर त्यांच्यातली फट स्पष्ट दिसत होती.

रज्जाक मिस्त्री माझ्या मागे उभा होता. चुन्याच्या कामात माझ्याबरोबर अनेक वर्षं काढलेला माणूस. त्यानेही वर बघितलं.

"मॅडम, पहिलं माणसं बाहेर काढू ना?"

"काढ. आणि वरचीपण."

वरची म्हणजे लेण्याच्या डोक्यावर, टेकडीवर काम करणारी माणसं. तिथे मांडववाले बांबू उतरवत होते. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. दर्शनाची रांग दरवर्षी त्या टेकडीवरूनच खाली यायची.

पुराणवस्तूंचं जतन करणाऱ्या खात्यात मी आयुष्यभर नोकरी केली. माझं काम शिलालेख वाचायचं नव्हतं, ते विद्वान करतात. माझं काम वास्तू पडू न देण्याचं. हे लेणं बोरिवलीच्या पश्चिमेला आहे. नाव सांगत नाही, कारण गोष्टीतली माणसं अजून त्याच्याच आसपास राहतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात. ते तसंच चालू राहावं.

लोक विचारायचे, "मॅडम, यातलं ओरिजिनल कुठलं?" या प्रश्नाला मी कायम अडखळायचे. देऊळ बांधतात, लेणं कोरतात. म्हणजे आधी खडक असतो आणि नको ते काढून टाकलं की वास्तू उरते. चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी कोणीतरी इथे खडक कोरून सभामंडप केला, खांब सोडले, आत शंकराचा गाभारा काढला आणि डाव्या भिंतीवर नाचणारा शिव कोरला. हे पहिलं रूप. नंतर कोणीतरी पाण्याचं टाकं खोदलं आणि बाजूला दोन खोल्या काढल्या. मग पोर्तुगीज आले. पाद्र्यांनी सभामंडपाचं चर्च केलं, डाव्या बाजूला दगड-चुन्याची जाड भिंत घातली, तिच्यावर गिलावा करून मोठा क्रूस काढला आणि टेकडीवर पाद्री शिकवायची शाळा बांधली. तिच्या बिनछपराच्या भिंती अजून उभ्या आहेत. मराठ्यांच्या काळात पिंडी परत आली आणि त्याच पोर्तुगीज भिंतीत दिव्यासाठी कोनाडा खोदला गेला. इंग्रजांच्या वेळी पुन्हा काही वर्षं प्रार्थना होत होती म्हणतात. आणि स्वातंत्र्यानंतर आमच्याच खात्यातल्या कोणा उत्साही साहेबाने दर्शनी खांबाला सिमेंटचं जाड अस्तर चढवलं. सगळ्यात जास्त नुकसान त्या सिमेंटने केलं. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट ओल कोंडून ठेवतं आणि मग आतला दगड पिठासारखा सुटत जातो. प्रत्येक शतकाला वाटलं, आता हे लेणं आम्ही पुरं केलं.

त्या वर्षी आमच्या शतकाची पाळी आली होती. पाद्र्यांची भिंत ही नंतरची भर आहे, तिच्या मागे मूळ शिल्प आहे, तेव्हा भिंत टप्प्याटप्प्याने उतरवून शिल्प मोकळं करावं असं वरून ठरलं. तज्ज्ञ येऊन गेले होते. भिंत म्हणजे नुसता पडदा आहे, तिच्यावर कसलाही भार नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. माझंही तेच होतं. दिसतही तसंच होतं.

या कामासाठी सगळ्यात जास्त खेटे घातले होते सावंतकाकांनी. उत्सव समितीचे ते अध्यक्ष. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांच्या आईने त्यांना लहानपणी सांगितलं होतं, या भिंतीच्या पाठी देव नाचतोय. तेव्हापासून तो देव बघायचा हा त्यांचा ध्यास.

आणि सगळ्यात जास्त विरोध होता फिलोमिनामावशींचा. त्या शेजारच्या गावठाणातल्या, माहेर गोराईचं. गुड फ्रायडेच्या आधी गावठाणातल्या चार-पाच म्हाताऱ्या येऊन त्या क्रुसाखाली मेणबत्ती लावायच्या. त्याला ना कुणाची परवानगी होती ना कुणाची हरकत. भिंत उतरणार हे कळल्यावर मावशी मला भेटायला आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाय, माझ्या आईला इथे आणत होते तिची आई. तुम्ही क्रूस कुठे ठेवणार?"

गिलाव्याचा क्रूस उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. मी तसं सांगितलं. त्या उठून गेल्या.

काम सुरू झालं. वरच्या बाजूचे थोडे दगड काढल्यावर हात जाईल एवढं भोक पडलं. मी शिडीवर चढले आणि आत बॅटरी धरली. एक कान दिसला, कुंडलाचा. मग गाल. मग मिटलेल्या ओठांचा कोपरा. चारेकशे वर्षं कोणी न पाहिलेला चेहरा मी पाहत होते. मी सावंतकाकांना वर बोलावलं. नियमात बसत नव्हतं, पण बोलावलं. ते बराच वेळ बघत राहिले.  खाली उतरल्यावर माझे दोन्ही हात धरून त्यांनी कपाळाला लावले.

ही बातमी दिंडोशीपर्यंत, माझ्या राहत्या सोसायटीपर्यंत पोचली. शिवरात्रीला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त माणसं येणार हे उघड होतं. आणि आदल्या दिवशी सकाळी काच तुटली.

मी साहेबांना फोन लावला. "सर, छत हललंय. लेणं बंद करतेय. छताला टेकू द्यायला लोखंडी धिरे पाठवा, आजच्या आज."

"धिरे दुसऱ्या साइटवर लागलेत. परवा मिळतील."

"परवापर्यंत छत थांबेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

"आणि उद्या दर्शन बंद ठेवलं तर काय होईल याची खात्री तुम्ही देता का?"  मग ते म्हणाले, "वाकोडे मॅडम, साइटवर तुम्ही आहात. तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

सरकारी नोकरी केलेल्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. निस्तरलं तर खात्याचं, बिघडलं तर तुमचं.

मी दरवाजाला कुलूप लावलं. बाहेर दोरी बांधली. टेकडीवरचे मांडववाले कुरकुरत खाली उतरले. तासाभरात सावंतकाका आले, मागे समितीची पोरं, विशी-पंचविशीतली.

"मॅडम, ह्या काय चाललंय?"

मी काचेबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या डोळ्यांतला विश्वास हळूहळू आटताना मला दिसला.

"काल देव दिसलो नि आज छत पडता? इतकी वर्षं पडला नाय ता?"

"इतकी वर्षं ती भिंत पुरी होती काका. आपण तिचे दगड काढले आणि छत हललं. म्हणजे भिंत नुसता पडदा नाहीये. ती काहीतरी उचलून धरतेय."

"म्हणजे ती पाडायची नाय?"

"आत्ता तरी नाही."

मागून एक पोरगा ओरडला, "काका, सरळ आहे ना! गावठाणवाल्यांनी वरून दाब टाकलाय. ह्या मॅडम त्यांना सामील!"

काकांनी त्याला गप्प केलं नाही. उलट मला म्हणाले, आणि या वेळी अगदी शुद्ध, परक्या मराठीत म्हणाले, "तुमचं खरं आहे मॅडम. तुम्ही ना आमच्यातल्या, ना त्यांच्यातल्या. तुमच्याकडे बुद्धवंदना. देव भिंतीआड राहिला काय, बाहेर आला काय, तुम्हाला काय फरक पडतो?"

ते मला लागलं. माझे आईवडील बुलढाण्याकडून आले, त्यांनी मला शिकवलं, आणि मी आयुष्यभर ज्यांच्या देवळांचे, मशिदींचे, चर्चचे दगड सांभाळले त्यांच्यापैकी कोणीतरी कधीतरी हे म्हणणार हे मला माहीत होतं. पण सावंतकाका म्हणतील असं वाटलं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या आत तुमची नात असेल काका. मला तेवढाच फरक पडतो."

ते वळून निघून गेले.

दुपारी मी बाहेर चौकीत नकाशा पसरून बसले होते. टेकू कुठे द्यायचे ते ठरवत होते, पण टेकूच नव्हते. तेवढ्यात रज्जाक धावत आला.

"मॅडम, कुलूप तोडलं! पोरं आत गेली, पहार घेऊन!"

मी धावले. आत सात-आठ जण होते. सकाळी ओरडलेला पोरगा, नीलेश त्याचं नाव, शिडीवर उभा होता आणि भोकाच्या कडेच्या दगडात पहार घालून जोर देत होता. बाकीचे खालून "हर हर महादेव" करत होते. मी ओरडले, पण त्या गजरात माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. शिडीला हात लावायची हिंमत होईना. तो दचकून पडला असता किंवा दगड निखळला असता. मी तशीच त्यांच्यामध्ये जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पाठीला भिंत लागताच ती मला जाणवली. अगदी बारीक थरथर. पहारीच्या प्रत्येक धक्क्याला भिंत थरथरत होती आणि माझ्या केसांत काहीतरी पडत होतं. रेतीसारखं.

त्याच वेळी दारातून सावंतकाका आत आले. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. त्यांचा चेहरा बघून मला कळेना की ते मला बाजूला करायला आलेत की पोरांना.

"काका," मी म्हटलं, "यांना एकदाच गप्प बसायला सांगा. मग मी काही बोलणार नाही. फक्त ऐका."

त्यांनी हात वर केला. गजर थांबला. नीलेशही थांबला.

लेण्यातली शांतता वेगळी असते. त्या शांततेत वरून बारीक खर्र असा आवाज येत होता. तड्यातून भुकटीची धार गळत होती, धान्य पोत्यातून सांडावं तशी, न थांबता. मग खडकाच्या आत कुठेतरी खोल टक् असा आवाज झाला. एकच.

सावंतकाका वर बघत राहिले. मग त्यांचा आवाज फुटला, "झिलांनो, भायर! नीलेश, पहार थंयच ठेव, हळू उतर. धावू नकात. भिंतीक हात लावू नकात. भायर व्हा सगळे!"

पोरं निघाली. नीलेश एकेक पायरी चाचपत उतरू लागला. काकांनी खालून शिडी धरली आणि तो उतरेपर्यंत सोडली नाही. शेवटी आम्ही दोघं उरलो.

"मॅडम, चला."

"तुम्ही व्हा पुढे."

"तुमका आत ठेवन मी जाव?" ते म्हणाले आणि माझं मनगट धरून मला बाहेर घेऊन आले. आम्ही दोरीपलीकडे पोचलो आणि आत धप्प झालं. छताच्या तड्याकडेचा, ज्यावर एक माणूस सहज आडवा झोपेल एवढा कपचा खाली आला होता. जिथे पोरं उभी होती तिथेच. शिडी त्याच्याखाली चेपली होती.

 नीलेश मटकन जमिनीवर बसला.

कपचा पडला म्हणजे संकट टळलं असं नसतं. मागचा खडक आता मोकळा झाला होता. टेकू हवे होते, आणि तातडीने. गर्दीत मागे फिलोमिनामावशी उभ्या होत्या. गलका ऐकून आल्या असतील. त्यांनी मला विचारलं, "लाकडाचे वासे चालतील?"

"जाड हवेत. सरळ, न चिरलेले."

"माझ्या भाच्याचं गोराईला मांडवाचं सामान आहे. लग्नाचे मोठे मांडव घालतो तो. सालाच्या लाकडाचे वासे आहेत त्याच्याकडे, हे एवढे." त्यांनी दोन्ही हातांचा वेढा करून दाखवला आणि लगेच फोन लावला. "अरे ऐक, टेंपोत भर आणि निघ. लग्न कुणाचं नाय. देवाचं घर पडतंय."

कुठल्या देवाचं ते त्यांनी सांगितलं नाही. भाच्यानेही विचारलं नाही.

टेंपो येईपर्यंतचा वेळ कसा काढला ते मला आजही सांगता येत नाही. वासे आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत किती माणसं घ्यायची हा निर्णय माझा होता. मी रज्जाक, त्याचे दोन साथीदार आणि स्वतःला घेतलं. वासे दारापर्यंत समितीच्या पोरांनी आणून दिले. धिरा देणं म्हणजे नुसतं खांब उभा करणं नसतं. वर फळी, खाली पाट, आणि मधे लाकडी पाचर. पाचर हातोडीने हळूहळू ठोकत जायची. सैल राहिली तर धिरा नावापुरता, जास्त आवळली तर खडक वर उचलला जाऊन भलतीकडेच फुटतो. मी धिऱ्यावर तळहात ठेवून उभी राहायचे, रज्जाक एक टोला द्यायचा, आणि लाकडाने भार घेतला की ते हाताला कळायचं. मग मी "बस" म्हणायचे. पहिल्या धिऱ्याला भुकटीची धार बारीक झाली. तिसऱ्याला थांबली. मी तड्यावर नवीन काच चिकटवली आणि तेव्हा कुठे बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी शिवरात्र लेण्यासमोरच्या मैदानात झाली. सावंतकाकांनी माइकवरून सांगितलं, "देव आत आसा, त्याका थोडी दुखापत झालेली आसा, म्हणून लांबूनच हात जोडा." लोकांनी जोडले. थोडे वैतागले, थोडे मला शिव्या घालून गेले. टेकडीवर एकही माणूस चढू दिला नाही. नीलेश दिवसभर तिथल्या वाटेवर काठी घेऊन उभा होता.

नंतर अभियंते आले, यंत्रं आली. छतावरचे काजळीचे आणि चुन्याचे थर उतरवल्यावर खाली दोन चौकोनी खुणा निघाल्या. तिथे मुळात दोन खांब होते. पाद्र्यांना वेदी सगळ्यांना दिसायला हवी असणार, म्हणून त्यांनी ते तोडले. छत बसायला लागलं असेल तेव्हा त्यांनी भिंत घातली, आणि ती पडद्यासारखी पातळ न घालता तटासारखी जाड घातली. त्यांनी मोडलं होतं आणि त्यांनीच सावरलं होतं. एका शतकाची चूक त्याच शतकाच्या भिंतीवर टेकून उभी होती, आणि आम्ही शुद्ध मूळ रूपाच्या नादात तो टेकू काढायला निघालो होतो.

शेवटी ठरलं ते असं. भिंत राहणार. तोडलेल्या खांबांच्या जागी पोलादाचे दोन खांब येणार. ते आमच्या शतकाचे, आणि तसे उघड दिसणारे. मी हट्टाने त्यांना दगडाचा रंग देऊ दिला नाही. पुढे कोणाला विचारावंसं वाटलं की हे कोणी केलं, तर त्याला फसवायचं कशाला? आणि आम्ही पाडलेलं भोक बुजवायचं.

याचं मला अजून वाईट वाटतं. दुसरा मार्ग नव्हता हे माहीत असूनही वाटतं. सावंतकाका त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत. त्यांना देव सबंध दिसला नाही.

भोक बुजवायच्या दिवशी मी दोघांनाही बोलावलं. सावंतकाका आधी चढले, नेहमीसारखे बराच वेळ बघत राहिले आणि उतरताना फिलोमिनामावशींना म्हणाले, "बघून घ्या तुमीपण. परत गावाचो नाय, दिसाचो नाय."

"मी?" मावशी जरा घाबरल्या. पण पदर खोचून चढल्या. बॅटरी मी धरली होती. त्यांनी आत पाहिलं.

"बाय, किती शांत आहे गं हा. आणि बघ ना, याला कुठे खरचटलंसुद्धा नाय."

"तेच तर," मी म्हटलं.

"नाय, तसं नाय. हा चुना बघ. याच्या तोंडाला टेकलाच नाय."

मी त्यांच्या शेजारी वर चढून पाहिलं. त्या दिवसांत मी कितीतरी वेळा आत पाहिलं होतं, पण चेहरा पाहिला होता, भिंतीची आतली बाजू कधी पाहिली नव्हती. ती बाजू सफाईने घासून सपाट केलेली होती. आणि चेहऱ्याच्या समोर, नाकापासून हनुवटीपर्यंत, तिच्यात उथळ खळगा काढलेला होता. नाकाला दगड लागू नये एवढा. ज्याला देव झाकायला सांगितलं होतं त्या गवंड्याने तो झाकला होता, पण त्याला श्वास घ्यायला जागा ठेवून. तो कोण होता, कुठल्या गावचा, त्याने हे पाद्र्याच्या नकळत केलं की पाद्र्यानेच सांगितलं, हे कधीच कळणार नाही.

मी खाली उतरून सावंतकाकांना सांगितलं.  मावशींच्या हातांना शिडीची धूळ लागली होती, ती काकांनी आपल्या उपरण्याने पुसली.

रज्जाक चुना कालवून तयार होता. पहिला नवा दगड त्याने हातात घेतला, त्याची आतली बाजू फिरवून बघितली आणि मला विचारलं, "मॅडम, आत किती जागा सोडू?"

"त्याने सोडली होती तेवढीच," मी म्हटलं.

रज्जाकने दगड खाली ठेवला, छन्नी घेतली आणि आतल्या बाजूने तो घासायला बसला.